एकतिसाव्या पानावरचं चुकीचं उत्तर

टार्बेल हार्बर, मेन
गुरुवार, ३ एप्रिल

मर्टन,

वर 'प्रिय' लिहावं की नाही यात पाच मिनिटं गेली. शेवटी नाही लिहिलं. नऊ वर्षांत मी तुला लिहिलेलं हे पहिलंच पत्र, घटस्फोटात वकिलामार्फत गेलेली मी धरत नाही. तेव्हा पाकीट बघून कोणी गेलं की काय असं तुला वाटलं असेल. कोणी गेलेलं नाही. माझं डोकं फिरलंय, एवढंच, आणि ते तुझ्यामुळे फिरलंय.

आपण दोघांनी केलेल्या हिरव्या पुस्तकाबद्दल लिहितेय. डाव्या पानावर तुझ्या जुन्या इंग्रजी कविता आणि त्यांतली प्रतीकं, उजव्या पानावर माझे काळ. त्याच कवितेतली क्रियापदं घेऊन आधी वर्तमान, मग भूत, मग भविष्य. जिल्ह्यातल्या शाळांनी ते पंचवीस वर्षं वापरलं आणि मग टाकून दिलं. मी टाकलेलं नाही. वाचनालयामागच्या खोलीत दर मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी तीन वाजता मी मोठ्या माणसांचा वर्ग घेते. शाळा अर्धवट सुटलेली माणसं येतात, त्यांना शाळा पूर्ण केल्याचा दाखला हवा असतो. तिथे हे पुस्तक अजून चालतं. दुसरं काही घ्यायला वाचनालयाकडे पैसे नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला दुसरं नकोही होतं.

यंदा वर्गात चौघं आहेत. त्यांतला एक डेलमॉन्ट बील. वय चोपन्न, जन्मभर शेवंडं धरली. तुझ्या हाताखालून गेलेला आहे, अकरावीत सोडून गेला. गेल्या ऑक्टोबरात त्याचा उजवा खांदा कामातून गेला आणि डॉक्टरने सांगितलं, आता पिंजरे ओढायचे नाहीत. बंदराचा अधिकारी जूनमध्ये निवृत्त होतोय. ती जागा डेलमॉन्टला मिळावी असं निम्म्या गावाला वाटतं. बंदरातला प्रत्येक खडक त्याला नावानिशी ठाऊक आहे. पण गावच्या पंचांनी नियम केलाय की शाळेचा दाखला हवा, आणि अर्ज एक जूनच्या आत हवा. दुसरा उमेदवार आहे कनेटिकटहून उन्हाळ्यापुरता येणारा एक गृहस्थ. त्याच्याकडे दोन पदव्या आहेत, एक शिडाची बोट आहे, आणि ती तो गेल्या ऑगस्टमध्ये दुसऱ्याच्या जागेवर बांधून जेवायला निघून गेला होता.

डेलमॉन्टचे बाकी सगळे विषय सुटलेत. अडलाय तो कवितेवरच्या निबंधाशी. दोनदा नापास झाला. तिसरी आणि यंदाची शेवटची परीक्षा सतरा मेला आहे. नापास का होतो म्हणशील, तर तो कवितेशी भांडतो. मी सांगते, हा समुद्रपक्षी म्हणजे आत्मा. तो म्हणतो, "नाही बाई, किनाऱ्यावर कोणीतरी मासे साफ करतंय, म्हणून घिरट्या घालतोय तो." मी सांगते, ही घंटा म्हणजे मृत्यू. तो म्हणतो, "धुकं पडलंय बाई. धुक्यात घंटा वाजवतात." मी म्हणते, कवीने धुक्याचा शब्दसुद्धा काढलेला नाही. तर म्हणतो, "मग घंटा कशाला वाजवली असती?" सहा महिने हे चाललंय. मी हात टेकलेत.

तर आज आम्ही दिव्याची कविता काढली. तुझी लाडकी. समुद्राकाठची बाई रोज संध्याकाळी खिडकीत दिवा लावते, नवरा बोटीवर गेलाय, वादळ येतं, आणि शेवटच्या कडव्यात खिडकी काळोखी असते आणि समुद्र शांत. पान तीस आणि एकतीस. या पुस्तकात ही एकच कविता डावीकडून सुरू होऊन उजव्या पानावर जाते. त्या एकतिसाव्या पानावर चौकट आहे, 'असं लिहू नये' अशा मथळ्याची. आठवत नसेल तर उतरवून देते:

'दिवा म्हणजे दिवा. माणूस घरी येतो म्हणून तिने विझवला. तो बुडाला असता तर ती विझवत नाही.'

आणि खाली: 'विद्यार्थ्याने प्रतीक न पाहता वस्तू पाहिली. गुण: शून्य.'

डेलमॉन्टने चौकटीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "बाई, हे मी लिहिलेलं आहे."

बाकीची तिघं थांबली. मी काय केलं असेल? मी म्हटलं, चला, आता खालचा काळांचा स्वाध्याय करू. आणि खालचा स्वाध्याय काय आहे? 'वरील उत्तरातल्या काळाच्या चुका सुधारा.' डेलमॉन्टने तो वाचला. पेन्सिल खिशात टाकली, म्हणाला, "माझं जरा सामान बघायचंय," आणि निघून गेला.

कवितेची बाजू तुझी होती, मर्टन. म्हणजे चौकट तुझी. आता तू निस्तर. त्याला एक पत्र लिही, साधं, सरळ, माफीचं, त्यात कोणताही पक्षी आणता कामा नये. सहा आठवडे राहिलेत. लगेच लिही.

व्हर्ना


सोमवार, १४ एप्रिल

मर्टन,

तुझं कार्ड मिळालं. वर निवडुंगाचं चित्र, मागे दोन ओळी. 'पान एकतीस मी केलेलं नाही. तू नीट आठवून बघ.'

नीट आठवून बघ म्हणे. मी सत्तर वर्षांची आहे आणि माझी आठवण ठणठणीत आहे. तू कुठे कुठे चष्मा विसरलास त्याची यादी आजही देऊ शकेन. एका माणसाची नोकरी टांगणीला लागलीय आणि तू मला निवडुंग पाठवतोस. बत्तीस वर्षं संसार केला तुझ्याशी, आणि कोणत्याही भांडणात तुझं शेवटचं वाक्य हेच असायचं, नीट आठवून बघ. मग तू बाहेर जाऊन लाकडं फोडायला लागायचास.

डेलमॉन्ट दोन वर्ग आला नाही. शनिवारी चर्चमध्ये बीन्सचं जेवण होतं. त्याची बायको रोडा पाव वाढत होती. मी मुद्दाम तिच्या रांगेत उभी राहिले.

"डेलमॉन्ट कसा आहे?" मी विचारलं.

"रंगवतोय," रोडा म्हणाली. "दहा दिवस झाले, पिंजऱ्यांच्या तरंगत्या बोया रंगवतोय. यंदा एकही पिंजरा पाण्यात टाकायचा नाहीये, आणि दोनशे बोया नव्या कोऱ्या झाल्यात. आता माझ्या स्वयंपाकघराकडे बघायला लागलाय, म्हणून म्हटलं आज बाहेर पडावं."

"वर्गात का येत नाही गं?"

तिने चिमट्यातला पाव माझ्या ताटात न टाकता तसाच धरून ठेवला. "पेल्कीबाई, हे तुम्ही मला विचारताय?"

मागची माणसं खोळंबली, तेव्हा तिने पाव टाकला. जेवणं झाल्यावर मी भांडी पुसायला आत गेले. तिने नको म्हटलं नाही. तिथे तिने सांगितलं.

ते उत्तर लिहिलं त्या वर्षी जानेवारीत डेलमॉन्टचा बाप आल्टन बुडाला. बोट सापडली, माणूस सापडला नाही. आपण दोघं प्रार्थनेला गेलो होतो, तू तो राखाडी कोट घातला होतास. एप्रिलमध्ये तू वर्गाला ही कविता दिलीस आणि त्या सोळा वर्षांच्या पोराने हे उत्तर लिहिलं. त्याच्या आईने पायरीवरचा दिवा लावून ठेवला होता. "दिवसरात्र जळायचा," रोडा म्हणाली. "सहा वर्षं. बल्ब गेला की पोरं नवा घेऊन यायची, ती काही बोलायची नाही. माणूस आला नाही तर दिवा कसा घालवायचा, तुम्हीच सांगा. शेवटी घर विकलं तेव्हा गेला तो दिवा."

तेव्हा ते उत्तर आता परत वाच. बुडाला असता तर तिने विझवला नसता. पोराने वस्तू पाहिली म्हणे.

ते घर आपल्या शाळेच्या रस्त्यावर होतं. पिवळं, वळणावरचं. रोज सकाळी गाडीतून जाताना तो दिवा दिसायचा आणि मी म्हणायचे, बघ, दिवसाढवळ्या जळतोय, लोकांना विजेचं बिल येत नाही वाटतं. हे मी म्हणायचे, तू नाही. एवढं मी मान्य करते. याच्यापुढे काही मान्य करायची माझी तयारी नाही.

रोडाने आणखी एक सांगितलं ते मला नीटसं कळलं नाही. "शून्य लागलंय त्याला," ती म्हणाली, "बाकी कशाचं नाही." मी म्हटलं, शून्य तर वाईटच. तिने माझ्या हातातलं पुसणं काढून घेतलं आणि म्हणाली, पुरे झालं आता, तुम्ही ओलंच ठेवताय.

तेव्हा पत्र लिही. कार्ड नको, निवडुंग नको. एक कागद, एक पाकीट.

व्हर्ना


बुधवार, २३ एप्रिल

मर्टन,

तुझं पत्र काल आलं. मी आधी ते न उघडता फ्रिजवर ठेवलं, मग स्वतःशीच चिडून उघडलं.

तू लिहितोस, माफी ज्याने केलं त्याने मागायची असते. हा तुझा मास्तरी सूर मला इथेसुद्धा ऐकू आला. आणि मग तू पुरावा दिलास. पुस्तक काढ म्हणालास, पान एकतीस बघ, त्या चौकटीतल्या प्रत्येक इंग्रजी 'ई'चं पोट शाईने भरलेलं आहे, आणि घरात तसा टाइपरायटर एकच होता आणि तो माझा होता.

पुस्तक काढलं. भिंग घेऊन बघितलं. भरलेलं आहे.

तुझं बरोबर असणं मला कधीच सोसलेलं नाही. चुकतोस तेव्हा तू निदान गप्प बसतोस.

बरं. ऐक. छापखाना आपली टाइप केलेली पानं जशीच्या तशी छापायचा, आणि शुक्रवारी ती द्यायची होती. कविता एकतिसाव्या पानावर अर्ध्यात संपत होती आणि खाली नुसता कोरा कागद दिसत होता. मला भूतकाळाचा स्वाध्याय हवा होता, चुकलेल्या वाक्यांचा, आणि चुकलेली वाक्यं मुद्दाम रचली की ती खोटी वाटतात हे तुलाही माहीत आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुझे तपासलेले पेपर पडले होते. मी चाळले. एका पेपरात तीन वाक्यं आणि काळाच्या दोन चुका. येतो, विझवला, असता, विझवत नाही. मला घबाड सापडलं. मी ते उतरवून घेतलं. मग वाटलं, याला मथळा हवा. मथळा दिला. मग वाटलं, 'असं लिहू नये' म्हणायचं आणि गुण लिहायचे नाहीत, याला वजन येत नाही. म्हणून शून्य टाइप केलं. पेपरावर तू काय दिले होतेस ते मी बघितलं नाही. म्हणजे बघितलं असेन, पण लक्षात ठेवलं नाही.

झालं समाधान? मी केलं. पान माझं.

पण मी तुला वाचून दाखवलं होतं, मर्टन, आणि तू हसलास. ते मला अगदी स्पष्ट आठवतं. तू हातात कॉफी घेऊन दाराशी उभा होतास, मी वाचलं, आणि आपण दोघंही हसलो. तेव्हा माझ्या एकटीवर ढकलू नकोस. मी डेलमॉन्टला जाऊन सांगणार आहे, की हे आम्ही दोघांनी केलं.

जाणार आहे म्हणजे या आठवड्यात नाही. रस्त्यांवर इतका चिखल आहे की गाडी रुतेल. आणि तू मला भित्री म्हणायच्या आत सांगते, हो, चिखल एवढाही नाही.

परीक्षेला साडेतीन आठवडे उरलेत.

व्हर्ना


रविवार, ४ मे

मर्टन,

काल गेले.

डेलमॉन्ट घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होता. नारिंगी बोया, त्यांवर पांढरा पट्टा, दोरीवर ओळीने वाळत घातलेल्या. मला बघून त्याने एक बादली उलटी करून पुढे सरकवली. मी बसले. एवढ्या वर्षांत मला कोणी बादलीवर बसवलं नव्हतं, पण तो मुद्दा नाही.

मी वाटेत सगळं पाठ केलं होतं. आम्ही दोघांनी, आमचं चुकलं, वगैरे. मी 'आम्ही' म्हटलं मात्र, तो म्हणाला, "थांबा बाई," आणि आत गेला. बाहेर आला तेव्हा हातात बोटीच्या नोंदवहीत जपून ठेवलेला एक कागद होता. त्याचा तो पेपर. घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेली. वर लाल पेन्सिलीने, तुझ्या त्या उजवीकडे कललेल्या अक्षरात: सत्तर. आणि खाली: 'मला हे सुचलं नव्हतं.'

"शाळेत मला मिळालेला हा एकच चांगला मार्क," डेलमॉन्ट म्हणाला. "सरांनी कागद हातात दिला, काही बोलले नाहीत. मी शाळा सोडली ती काही याच्यामुळे नाही. बोट होती, आई होती, सोडावीच लागली. पण मी म्हणायचो, चला, कवितेत आपल्याला सत्तर होते. रोडाला विचारा, लग्नाच्या आधी तिला दाखवलाय हा कागद. आणि आता पुस्तक उघडतो तर शून्य. मग खरं काय? सरांनी तोंडावर सत्तर दिले आणि पाठीमागे सगळ्या जिल्ह्याला हसवलं?"

रोडाचं बोलणं मला तेव्हा कळलं. मर्टन, तो माणूस महिनाभर बोया रंगवत होता ते हसं झालं म्हणून नाही. आपले सत्तर खोटे होते असं त्याला वाटत होतं.

पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "सत्तर खरे आहेत. शून्य माझं आहे. मी पेपर उचलला, मी मथळा दिला, मी शून्य टाइप केलं. तुझा बाप त्याच वर्षी गेला होता हे मला माहीत होतं आणि पेपर कोणाचा आहे हेही वर लिहिलेलं होतं."

तो परत रंगाकडे वळला. ब्रश डब्यात बुडवला, कडेवर पुसला.

"सरांना माहीत होतं?"

"मी छापायच्या आधी वाचून दाखवलं होतं."

"मग?"

मी म्हटलं, "ते मला नीट आठवत नाही." बघ, मी काय बोलून बसले ते.

त्याने एक बोया रंगवून संपवली. मग म्हणाला, "आता एक सांगा. माफीबिफी बाजूला ठेवा. शिक्षक म्हणून सांगा. चूक आहे की बरोबर?"

मला रडू येत होतं, आणि ते आलं की मी जास्तच कडक होते, तुला माहीत आहे. म्हटलं, "कवीला नवरा बुडाला असंच म्हणायचं असणार. चौथ्या कडव्यात घंटा वाजते."

"धुक्याची."

"डेलमॉन्ट."

"बरं."

"घंटा मरणाचीच आहे. पण शेवटचं कडवं तू म्हणतोस तसंही वाचता येतं, आणि तसं वाचलं तर कविता जास्त चांगली होते. इतकी वर्षं ती मी शिकवली आणि मला ते दिसलं नाही. कवीला दिव्यातलं तुझ्याइतकं कळत नव्हतं. पण परीक्षेत कवीला काय म्हणायचंय ते आधी लिहावंच लागतं. सत्तर बरोबर आहेत. शंभर नाहीत."

तो पहिल्यांदा हसला. "शंभर म्हणाला असतात ना, तर मी काही परत आलो नसतो."

"म्हणजे येतोयस?"

"मंगळवारी येतो. पण एक आहे. ते पान काढायचं नाही."

मी म्हटलं, अरे, मी तर ते पान फाडून टाकणार होते, चारही पुस्तकांतून.

"फाडायचं नाही," तो म्हणाला. "माझं नाव घाला खाली. चूक म्हणून छापलंत तेव्हा नाव लागलं नाही, ठीक आहे. आता लागेल."

निघताना त्याने मला एक बोया दिली. मी म्हटलं, हिचं मी काय करू? तो म्हणाला, "काही प्रतीकबितीक नाही बाई, जास्त झाल्यात."

व्हर्ना


शुक्रवार, ६ जून

मर्टन,

सोबत एक फॉर्म आहे. जिल्ह्याच्या प्रौढशिक्षण कचेरीने हिरवं पुस्तक पुन्हा छापायचं मान्य केलंय, दोनशे प्रती. दोन्ही लेखकांच्या सह्या लागतात. खुणेच्या जागी सही कर आणि परत पाठव. मार्जिनमध्ये सूचना लिहू नकोस. कवितांचा क्रम बदलावा असं तुला वाटणार आहे, तो बदलायचा नाही.

आता डेलमॉन्टचं सांगते. पत्राच्या सुरुवातीला सांगितलं असतं तर तू फॉर्म वाचलाच नसतास.

मे महिन्याचे ते दोन आठवडे आम्ही रोज बसलो, रविवार सोडून. आधी कवीचं म्हणणं, मग आपलं, असा करार केला. पहिले चार दिवस तो कवीचं म्हणणं एका ओळीत उरकायचा आणि आपलं दीड पान लिहायचा. मी ओरडायचे. तो म्हणायचा, "बाई, त्याचं म्हणणं एवढंच आहे, मी काय करू?" काळ मात्र अजून घोळतात त्याचे. काल मी जातो, उद्या मी गेलो. मी दोनदा खडू फेकून मारला. एकदा लागला.

सतरा तारखेला परीक्षा झाली. देखरेखीला मीच होते, म्हणजे चार तास तोंड बंद ठेवून बसायचं, आणि तो खिडकीतून समुद्राकडे बघत होता. कविता निघाली एका पडक्या फाटकावरची. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय लिहिलंस? म्हणाला, "फाटक म्हणजे म्हातारपण, आणि पलीकडचं शेत म्हणजे मेल्यानंतरचं जे काय असेल ते. दोन परिच्छेद लिहिले त्यावर, व्यवस्थित. मग शेवटी लिहिलं की या कवीने जन्मात फाटक बसवलेलं नाही, बिजागरी उलट्या बाजूला सांगितलीय."

मी कपाळावर हात मारला. घरी येऊन दोन दिवस कोणाशी बोलले नाही.

एकोणतीसला निकाल लागला. निबंधात पास व्हायला आठ गुण लागतात, त्याला नऊ पडले. त्याने अर्ज तीसला दिला. काल पंचांची बैठक होती. कनेटिकटवाल्या गृहस्थांनी बंदर आधुनिक कसं करावं यावर चित्रं दाखवली. मग पंचांनी डेलमॉन्टला विचारलं, तुला काय सांगायचंय? तो उठला आणि म्हणाला, "काल जेवताना यांची बोट पुन्हा चुकीच्या जागी होती. मी हलवली." सगळे पंच त्याच्या बाजूने. रोडा माझ्या शेजारी बसली होती. तिने माझा हात इतका दाबला की अजून दुखतोय.

आता पान एकतीस. मथळा काढला. चौकट आणि उत्तर तसंच, काळाच्या चुकांसकट, त्याच्याच आग्रहाने. स्वाध्यायही तसाच ठेवलाय, कारण तो म्हणाला की चुका आहेत त्या आहेत. खाली असं छापायला दिलंय:

'उत्तर: डेलमॉन्ट बील, वय सोळा. गुण सत्तर: मर्टन पेल्की. गुण शून्य: व्हर्ना पेल्की.'

कचेरीतल्या बाईने फोन करून विचारलं, शेवटची ओळ चुकून राहिलीय का? मी सांगितलं, चुकून नाही. तिने विचारलं, मग ती कशाला हवी? मी म्हटलं, तुम्ही छापा.

आणि एक. डेलमॉन्टला मी शेडमध्ये म्हटलं होतं की नीट आठवत नाही. परवा त्याला जाऊन खरं ते सांगितलं, म्हणजे आता तुलाही लिहायला हवं. तू दाराशी कॉफी घेऊन उभा होतास. मी वाचून दाखवलं. तू म्हणालास, "हा आल्टनचा मुलगा आहे, व्हर्ना. हे घालू नकोस." मी म्हटलं, "नाव कुठे घालतेय? कोणाला कळणार आहे?" तू कप ठेवलास आणि लाकडं फोडायला गेलास. मी टाइप करत राहिले.

अडतीस वर्षं मी सांगत आले की आपण दोघंही हसलो. वकिलालासुद्धा सांगितलं, हा माणूस माझ्याबरोबर हसायचा आणि मग जगासमोर साळसूद व्हायचा. मर्टन, तू हसला नव्हतास. मी एकटीच हसले.

व्हर्ना